पगारावर १ कोटी ११ लाख, शेअरवर ४४ लाख : एवढा फरक का?

नमस्कार मंडळी. आज थेट आकड्यांपासून सुरुवात करतो.

समजा दोन माणसं आहेत, दोघांचंही वर्षाचं करपात्र उत्पन्न ३ कोटी. पहिला पुण्यात एका कंपनीत मोठ्या पदावर आहे, सगळे पैसे पगाराचे. दुसऱ्यानं काही वर्षांपूर्वी घेतलेले शेअर विकले, त्यात ३ कोटी नफा झाला, बाकी काही कमाई नाही. नव्या टॅक्स रिजिममध्ये पगारवाल्याचा टॅक्स सरचार्ज (मोठ्या उत्पन्नाच्या टॅक्सवर लागणारा जादा टॅक्स), सेस (त्यावरची आणखी थोडी भर) सगळं धरून होतो साधारण १ कोटी ११ लाख. आणि शेअरवाल्याचा? ४४ लाख. म्हणजे ६७ लाखांचा फरक, कमाई तेवढीच.

हे होतं कसं? लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेले, शेअर वर्षभरापेक्षा जास्त ठेवून विकलेत की नफ्यावर (यालाच लाँग टर्म नफा म्हणतात) १२.५ टक्के टॅक्स, पहिले सव्वा लाख माफ. हा रेट सपाट आहे, नफा दोन लाख असो नाहीतर दोनशे कोटी. वर सरचार्ज लागतो, पण पगारावर तो २५ टक्क्यांपर्यंत जातो आणि या नफ्यावर १५ ला थांबतो. त्यामुळे पगाराचा सगळ्यात वरचा रेट ३९ टक्के, आणि लाँग टर्म नफ्याचा १५ टक्क्यांच्याही जरासा खालीच.

बरं, हे झालं वरच्यांचं. आता खाली बघा, कारण मी हा व्हिडिओ करतोय तो खरं तर त्यासाठी.

माझी मावशी साताऱ्यात असते, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाली, पेन्शन वर्षाला ६ लाखाच्या आसपास. तिच्या घराची गच्ची दोन पावसाळे गळत होती, शेवटी जानेवारीत तिनं बरीच वर्षं एसआयपी करून जमवलेल्या इक्विटी फंडातून, म्हणजे शेअरमध्ये पैसे लावणाऱ्या म्युच्युअल फंडातून, पैसे काढले. त्यात नफा होता ५ लाख. मला फोन करून म्हणाली, अरे बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही ना, माझं तर सगळं मिळून अकरा लाखसुद्धा होत नाही. मी कागद घेऊन बसलो आणि मलाच वाईट वाटलं, कारण बारा लाखांची जी सवलत आहे ना, ती रिबेटनं, म्हणजे काढलेला टॅक्स माफ करून, मिळते आणि तो रिबेट या नफ्याला लागूच होत नाही. पेन्शनवरचा टॅक्स शून्य झाला, पण फंडाच्या नफ्यावर सव्वा लाख वगळून पावणेचार लाखांवर साडेबारा टक्के आणि सेस, झाले ४८,७५० रुपये. हेच ५ लाख तिला एफडीचं व्याज म्हणून आले असते तर एक रुपयाही लागला नसता.

म्हणजे बघा, पगाराऐवजी शेअरचा नफा असला की श्रीमंताचा एकूण उत्पन्नावरचा टॅक्स ३७ टक्क्यांवरून १५ वर येतो, आणि मावशीचा शून्यावरून जवळजवळ ४९ हजारांवर जातो. एकच नियम, वरच्याला सूट आणि खालच्याला भुर्दंड. माझं म्हणणं एवढंच आहे की या नफ्यालासुद्धा स्लॅब पाहिजेत.

थोडा इतिहास सांगतो. २००४ मध्ये चिदंबरम अर्थमंत्री असताना एसटीटी, म्हणजे शेअरच्या खरेदी-विक्रीवरचा छोटा टॅक्स, आला आणि त्या बदल्यात लिस्टेड शेअरच्या लाँग टर्म नफ्यावरचा टॅक्स शून्य झाला. तो शून्य थेट २०१८ पर्यंत टिकला. त्या वर्षीच्या बजेटमध्ये अरुण जेटलींनी सांगितलं की रिटर्न्समध्ये दाखवलेला असा करमुक्त नफा सुमारे ३ लाख ६७ हजार कोटी आहे आणि त्यातला मोठा भाग कंपन्या आणि एलएलपींना (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी संस्थांना) मिळालाय. मग एक लाखावरच्या नफ्याला १० टक्के लागले. दुसऱ्या दिवशी सेन्सेक्स ८३९ अंकांनी पडला, लोक म्हणाले संपलं आता मार्केट. कुठं संपलं? मार्च २०२० ला डीमॅट खाती ४ कोटींच्या आसपास होती, मार्च २०२४ ला १५ कोटी झाली. जुलै २०२४ ला रेट १०चा १२.५ झाला तरी सप्टेंबरमध्ये सेन्सेक्स ८५ हजारांच्या वर गेला.

पण एकदा सरकारला माघार घ्यावी लागली होती, तेही सांगायला हवं. जुलै २०१९ च्या बजेटमध्ये २ कोटी आणि ५ कोटींवरच्या उत्पन्नाला सरचार्ज वाढवला, तो विदेशी गुंतवणूकदारांच्या ट्रस्टनाही लागू होत होता, त्यांनी धडाधड विक्री केली आणि २३ ऑगस्टला निर्मला सीतारामन यांनी शेअरच्या नफ्यावरचा वाढीव सरचार्ज मागे घेतला. सात आठवडे टिकला फक्त. विदेशी पैसा दुसऱ्या देशात जाऊ शकतो हे खरंच आहे, पण सूट दिली ती इथल्यांनाही, आणि इथंच राहणारा, इथंच धंदा करणारा माणूस एवढ्यासाठी दुबईला बिऱ्हाड हलवेल असं मला नाही वाटत. काही जातील, सगळे नाही.

या नफ्यावर जास्त टॅक्स नको म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र दमदार आहे. ते म्हणतात कंपनीनं नफ्यावर आधीच २५ टक्के टॅक्स भरलाय, उरलेल्या ७५ वर तुम्ही परत १५ टक्के घेता, म्हणजे शंभरातले ३६ गेलेच की, पगारवाल्याच्या ३९ च्या जवळच आलं. हिशोब बरोबर आहे. पण मग तोच कंपनीचा टॅक्स मावशीच्या फंडातल्या कंपन्यांनीही भरलाय, तिला शून्याऐवजी पंचवीस टक्के आधीच बसलेत, तिला कुठं सूट मिळाली? आणि दुसरं, साडेबारा टक्के फक्त शेअरला नाहीत, प्लॉटलाही आहेत. समृद्धी महामार्गाच्या इंटरचेंजजवळ कुणी एनए प्लॉट घेऊन ठेवला, रस्ता झाला, भाव वाढला, तर तिथं कुठल्या कंपनीनं आधी टॅक्स भरलाय? रस्ता तर सगळ्यांच्या पैशातून झाला, त्यात पेट्रोलवर आणि साबणावर टॅक्स भरणाराही आला.

महागाईचा मुद्दा मला पटतो. दहा वर्षांच्या नफ्यातला बराचसा भाग नुसती भाववाढ असते आणि २०२४ ला इंडेक्सेशन, म्हणजे महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून धरायची सोय, काढलं हे चुकलंच (आधी घेतलेल्या घर-जमिनीला नंतर पर्याय दिला ते ठीक). पण त्यावर उपाय इंडेक्सेशन परत आणणं हा आहे, कोट्यधीशाला सपाट रेट देणं हा नाही.

अमेरिकेतसुद्धा या नफ्याला तीन पायऱ्या आहेत, ०, १५ आणि २० टक्के, कमी कमाईवाल्याला शून्य. ब्रिटनमध्ये १८ आणि २४. आपल्याकडे का नाही? एकूण उत्पन्न बारा लाखांच्या आत असेल तर या नफ्यालाही रिबेट द्या, मधल्यांना १२.५ राहू दे, आणि वर्षाचा नफा एक कोटीच्या वर गेला की वरच्या भागावर २० लावा. हे आकडे माझे आहेत, कुणाला २० च्या जागी १८ वाटत असेल तर कमेंटमध्ये भांडा, पण पायऱ्या हव्यात.

आणखी एक गोष्ट. पगारवाल्याचा टीडीएस महिन्याच्या महिन्याला कापला जातो, त्याला तारीख निवडता येत नाही. शेअरवाला कधी विकायचं ते स्वतः ठरवतो, नाहीतर न विकता शेअर तारण ठेवून कर्ज काढतो, तिथं नफ्याचा प्रश्नच येत नाही, आणि हे सगळं सांगायला त्याच्याकडे चांगला सीए असतो. मावशीकडे मी होतो, आणि तिनं फोन केला तो पैसे काढून झाल्यावर. गवंड्याला दुसरा हप्ता एप्रिलमध्ये द्यायचा होता. अर्धे युनिट जानेवारीत आणि अर्धे १ एप्रिलनंतर विकले असते तर सव्वा लाखाची सूट दोनदा मिळाली असती आणि तिचे १६,२५० रुपये वाचले असते. तुमच्या घरात कुणी मार्चच्या आधी फंड मोडणार असेल तर विकायच्या आधी त्यांना हे सांगा.