आधी क्लच, मग कॉम्प्रेसर

नमस्कार श्रोतेहो.

गाडीचा एसी गार हवा देईनासा झाला की एक वाक्य हमखास कानावर येतं, 'कॉम्प्रेसर गेला.' कॉम्प्रेसर म्हणजे एसीतला गॅस दाबणारा पंप, खर्चाच्या दृष्टीनं सगळ्यात जड भाग. म्हणून आज एकच गोष्ट धरून बोलणार आहे: कॉम्प्रेसरला दोष देण्याआधी त्याचा क्लच बघा. पुन्हा सांगतो, आधी क्लच, मग कॉम्प्रेसर.

हा क्लच पायाखालचा नव्हे. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी एक पुली असते, ती पट्ट्यावर सतत फिरत असते. एसी बंद असताना पुली नुसती गरगरते, आतला शाफ्ट जागचा हलत नाही. बटण दाबलं की पुलीमागच्या कॉइलमध्ये वीज जाते, तिचं लोहचुंबक होतं, ते समोरची तबकडी खेचून पुलीला चिकटवतं. 'टक्' असा आवाज येतो आणि शाफ्ट फिरू लागतो.

या 'टक्'चं मोल कळायला पॅकार्डची गोष्ट ऐकायला हवी. पॅकार्ड ही अमेरिकेतली उंची मोटारी बनवणारी कंपनी. तिनं 1939 च्या नोव्हेंबरात शिकागोच्या प्रदर्शनात कारखान्यातूनच एसी बसवलेली गाडी मांडली आणि 1940 च्या मॉडेलवर ती सोय विकायला काढली. नाव दिलं 'वेदर कंडिशनर'. म्हणजे थेट हवामानालाच वळण लावणार! (यंत्र जितकं अर्धंकच्चं, तितकं त्याचं नाव भारदस्त, हे माझं जुनं मत आहे. मिक्सरपासून मोबाइलपर्यंत कुठेही ताडून बघा.)

तर कॉम्प्रेसर पुढे इंजिनापाशी आणि हवा गार करणारी कूलिंग कॉइल मागे डिकीत. कॉइल आणि पंखा मिळून अर्धी डिकी खात. सामान कुठे ठेवायचं, हा मालकाचा प्रश्न! पुढून मागे आणि मागून पुढे अशा लांबच लांब नळ्या गाडीच्या पोटातून नेलेल्या. नळी लांब आणि जोड जास्त, म्हणजे गळायच्या जागाही जास्त. गार हवा येई ती मागच्या सीटच्या पाठीमागून. मागे बसलेल्यांच्या मानेवर बर्फाळ झोत आणि चालवणारा पुढे घामाघूम.

पण खरी गंमत पुढेच आहे. या कॉम्प्रेसरला क्लचच नव्हता. पट्टा थेट जोडलेला. इंजिन चालू म्हणजे कॉम्प्रेसर चालू, उन्हाळा असो वा हिवाळा. थर्मोस्टॅट नाही, बंद करायचं बटण नाही. हातात होता फक्त पंखा. तो बंद केला तरी मागे कॉइल गार होतच राहायची, गाडी हलली की थोडा गारवा आत झिरपायचाच. मग एसी खरोखर बंद कसा करायचा? गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, खाली उतरा, बॉनेट उघडा आणि कॉम्प्रेसरचा पट्टा हातानं काढून ठेवा. परत गारवा हवा? परत बॉनेट, परत पट्टा! आता डोळ्यांसमोर आणा, भारी कपड्यातले गाडीमालक भर रस्त्यात बाह्या सरसावून तेलकट पट्ट्याशी झटताहेत. 1941 नंतर पॅकार्डनं तो नाद सोडला. पुढे 1950 च्या दशकात विद्युतचुंबकीय क्लच आले आणि बॉनेट उघडायचं काम एका 'टक्'वर आलं.

म्हणून तपासणी त्या आवाजापासून. इंजिन चालू, पंखा चालू, एसीचं बटण दाबा. रेडिओवरून हे सांगणं विचित्र आहे, पण तेवढा वेळ रेडिओ बंद ठेवा. गाडीत बसताक्षणी गाणी लावणाऱ्यांना गाडीचं दुखणं सगळ्यात शेवटी कळतं.

'टक्' आला नाही, तर क्लचच्या कॉइलच्या जोडाशी व्होल्टेज मोजा. तिथे 12 व्होल्ट पोहोचतच नसतील तर फ्यूज, रिले, गॅसच्या दाबावर चालणारा प्रेशर स्विच बघा, आणि गॅस बघा. गॅस कमी असला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसर मुद्दाम चालू होऊ देत नाही. व्होल्टेज येतंय आणि तबकडी तरी ओढली जात नाही, तर कॉइलचा रोध मोजा. साधारण 3 ते 5 ओहम हवा. मीटर अनंत दाखवत असेल तर कॉइल तुटली.

आणि सगळ्यात फसवं दुखणं: थोडा वेळ झकास गारवा, मग गरम हवा, गाडी थंड झाली की पुन्हा गारवा. इथे निरोगी कॉम्प्रेसर बदलले जातात. तबकडी झिजून तिच्यातली आणि पुलीतली फट वाढलेली असते. कॉइल तापली की तिचा रोध वाढतो, करंट घटतो, चुंबक दुबळं पडतं, मोठी फट त्याला ओलांडता येत नाही. इंजिन बंद करून फीलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांनी, तीन ठिकाणी फट मोजा. बहुतेक गाड्यांत ती 0.3 ते 0.7 मिलिमीटर असते, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये. जास्त असेल तर मधला नट काढून तबकडीखालची एक पातळ चकती कमी करायची. एवढंच. मात्र हवा गार असूनही तिचा जोर मंदावत असेल आणि तबकडी फिरत असेल, तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरलाय, क्लचचा दोष नाही.

आवाजाचंही तसंच. एसी बंद असतानाही घरघर येते, तर पुलीचं बेअरिंग. एसी लावल्यावरच खडखड, तर आतला कॉम्प्रेसर. कॉम्प्रेसरच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजणारे गेज लावल्यावर, क्लच धरलेला असूनही दोन्ही काटे जवळपास सारखेच दाब दाखवत असतील, तर कॉम्प्रेसर गॅस दाबतच नाही. आता बदला.

बदलताना गॅस यंत्रात ओढून घ्या, हवेत सोडू नका. जुन्यातलं तेल मापात काढा, नव्यात तेवढंच ठेवा. तेलाची जात एसीच्या लेबलवरचीच. हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांत एरवी चालणारं पीएजी तेल चालत नाही, ते विजेला वाट देतं. जुन्या तेलात धातूची चमक किंवा काळा चिखल दिसला तर नळ्या धुवा, कूलिंग कॉइलमध्ये गॅस मापात सोडणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बदला, गॅसची उष्णता बाहेर टाकणारा बारीक वाहिन्यांचा कंडेन्सरही बदला, तो धुऊन निघत नाही. तीच घाण नवा कॉम्प्रेसर खाते. ओलावा शोषणारा ड्रायर आणि जोडांतल्या रबरी ओ-रिंगा मात्र दर वेळी नव्या. मग किमान अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे पंपानं आतली हवा ओढून काढा, पंप बंद करून काटा जागेवर राहतो का बघा, आणि गॅस वजनानं, लेबलवर लिहिलेले ग्रॅम मोजून. अंदाजानं 'टॉप-अप' मारणाऱ्याकडे जाऊ नका. गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, गळतो. आधी गळती शोधा. सुरू करण्यापूर्वी नव्या कॉम्प्रेसरची तबकडी हातानं दहा-बारा वेळा फिरवा, आत साचलेलं तेल पुढे सरकू द्या.

आता एक भर. बऱ्याच नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला पॅकार्डसारखाच क्लच नसतो! तो सतत फिरतो, फक्त गारवा नको असेल तेव्हा आतली तिरपी थाळी जवळपास सरळ होते आणि तो नावापुरताच गॅस दाबतो. तिथे 'टक्'ची वाट बघू नका. पुलीच्या मध्यभागी बघा. पुली फिरतेय आणि मधला भाग स्तब्ध, तर मधला जोड तुटलाय. कॉम्प्रेसर आत अडकला तर पट्टा वाचावा म्हणून तो तुटेल असाच बनवलेला असतो. मग शाफ्ट हातानं फिरवून बघा. नाहीच फिरला, तर खुशाल म्हणा, कॉम्प्रेसर गेला.

नमस्कार.