निफाडचे माधवराव, नाशिकचे माधवराव

नमस्कार श्रोतेहो. आज १८ जानेवारी. या दिवसांत निफाड तालुक्यात सकाळी भेटणारा प्रत्येक जण आधी एकच विचारतो, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा कितीवर उतरला? द्राक्षबागायतदार तर मणी तडकतील म्हणून रात्रभर धास्तावलेले असतात. अशाच कडाक्याच्या दिवसांत, १८४२ साली, निफाडला महादेव गोविंद ऊर्फ माधवराव रानडे जन्मले. आज त्यांची जयंती.

न्यायमूर्ती रानडे म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती पगडी, उपरणं आणि हायकोर्टाची खुर्ची. मला मात्र आज त्यांच्यातल्या मास्तरांविषयी बोलायचंय. वडिलांच्या नोकरीमुळे बालपण कोल्हापुरात गेलं, पुढचं शिक्षण मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये झालं. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ची, त्यात ते होते. १८६२ साली बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीतही ते होते. त्याच एल्फिन्स्टन कॉलेजात ते १८६८ पासून इंग्रजी साहित्य शिकवू लागले. १८७१ला पुण्यात न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली आणि कॉलेज सुटलं. शिकवणं मात्र शेवटपर्यंत चालू राहिलं.

सरकारी नोकरी सांभाळून त्यांनी पुण्यात, लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणाऱ्या ‘सार्वजनिक सभा’ या संस्थेच्या कामाला बळ दिलं. १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आपल्याकडे मे महिन्यात गोदाकाठी, यशवंतराव महाराज पटांगणावर बसून आपण व्याख्यानं ऐकतो ना, त्या रिवाजाचं मूळ तिथे आहे. चार माणसं एकत्र बसतील आणि एखादा विषय नीट समजून घेतील, यावर त्यांची फार श्रद्धा होती.

त्यांचे लाडके शिष्य गोपाळ कृष्ण गोखले. गोखल्यांनी सांगितलेला एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. सार्वजनिक सभेनं मेहनतीनं, आकडे जमवून सरकारकडे अर्ज पाठवायचा आणि तिकडून यायचं दोन ओळींचं उत्तर. तरुण गोखले वैतागले. एवढा खटाटोप करून उपयोग काय, असं त्यांनी विचारलं. माधवरावांनी त्यांना समजावलं की हे अर्ज नावापुरते सरकारला असतात, खरे ते आपल्या लोकांसाठी असतात. अशा गोष्टींचा विचार कसा करायचा हे लोकांनी शिकावं, म्हणून ही मेहनत. मला वाटतं, इथेच तो मास्तर दिसतो. अर्ज फेटाळला गेला तरी धडा झालेलाच असतो.

१८७८ साली त्यांची बदली नाशिकला झाली. पुण्यातली त्यांची कामं सरकारच्या डोळ्यांत खुपत होती. पुढच्याच वर्षी, वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या धामधुमीत, त्यांना धुळ्याला धाडलं, तिथे त्यांची पत्रंसुद्धा तपासली जात. नाशिकचा मुक्काम तसा थोडा. पण त्या मुक्कामातली एक गोष्ट प्रत्येक नाशिककराला ठाऊक हवी.

त्याआधी एक कटू गोष्टही सांगायला हवी. १८७३ला पहिली पत्नी वारली तेव्हा माधवराव एकतीस वर्षांचे होते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या माणसानं वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवली आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. लोकांनी तेव्हा त्यांना धारेवर धरलं, ते योग्यच होतं. जयंतीच्या दिवशीही हे झाकू नये. पण घरात आलेल्या त्या मुलीला, रमाबाईंना, त्यांनी लगेच अक्षरओळख करून द्यायला घेतली. मराठी झाल्यावर इंग्रजी. पुण्याच्या भरल्या घरात सुनेच्या हाती पुस्तक दिसलं की बायका टोमणे मारत. ते सोसत, लपूनछपून का होईना, रमाबाई शिकत राहिल्या.

आणि मग नाशिक. इथल्या हायस्कुलात एका समारंभाला रमाबाई प्रमुख पाहुण्या म्हणून गेल्या. लोकांसमोर बोलायची ही त्यांची पहिलीच वेळ. वय सोळाच्या आसपास. भाषण माधवरावांनी लिहून दिलं होतं. विचार करा, १८७८च्या सुमाराचं नाशिक, तीर्थक्षेत्राचं सोवळं गाव, आणि न्यायाधीशांची बायको हातात कागद घेऊन चारचौघांत उभी राहते! तो कागद तिच्या हाती देणं माधवरावांना सोपं होतं, उभं राहायचं धाडस तिचं होतं. म्हणून मी या गोष्टीचं श्रेय दोघांना देतो, तिला जरा जास्त.

१६ जानेवारी १९०१ रोजी, एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना, माधवराव गेले. त्यानंतर १९०४ साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या अध्यक्ष होत्या रमाबाई. १९०९ला पुण्यात सेवासदन ही स्त्रियांसाठीची संस्था उभी राहिली, तिथेही त्याच. घरोघरच्या मुलींना, विधवांना त्यांनी परिचारिकेचं शिक्षण घ्यायला तयार केलं, तेही नर्सचं काम हलकं समजलं जायचं त्या काळात.

रमाबाईंनी आपल्या आठवणी मराठीत लिहून ठेवल्या आहेत. निफाड-नाशिकच्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. या आठवड्यात एक तास काढा, नाशिकच्या दिवसांविषयी त्यांनी लिहिलेली पानं वर्गातल्या एखाद्या मुलीला मोठ्यानं वाचायला सांगा, आणि मग बाकीच्यांना प्रश्न विचारू द्या.

नमस्कार.