थंडीच्या आधी गाडीला मेण

श्रोतेहो, नमस्कार. दसऱ्याला आपण मिशिगनकर मंडळींनीही गाड्या धुतल्या, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, मिळाल्या तेवढ्या झेंडूंचा हार घातला. बोनेटला इथे हूड म्हणतात, पण इतकी वर्षं राहूनही माझ्या तोंडी बोनेटच येतं. असो. त्यातल्या काही गाड्यांवर ते स्वस्तिक अजून आहे, परवा मंडळाच्या पार्किंगमध्ये पाहिलं. ते कोरड्या फडक्याने पुसायला जाऊ नका. कुंकवाची पूड आणि त्यावर बसलेली धूळ रंगावर फिरवली की बारीक ओरखडे पडतात. आधी भरपूर पाणी ओता, मग साबणाचा फेस लावा. आणि गाडी धुतलीच आहे तर त्याच दिवशी मेणही लावून टाका. आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

मेण म्हटलं की लोकांना चकाकी आठवते. इथे चकाकीचं कौतुक डिसेंबरच्या पहिल्या बर्फापर्यंतच असतं. पुढचे चार महिने गाडी राखाडी दिसणार, मग ती कुठल्याही रंगाची का असेना. मेण लावायचं ते मिठासाठी. आपल्या डेट्रॉईटच्या पोटातच, सुमारे १२०० फूट खाली, मिठाची खाण आहे. प्राचीन समुद्र आटून राहिलेलं ते मीठ आहे. रस्त्यावर मीठ टाकलं की पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. मिठाचं प्रमाण २३ टक्क्यांच्या आसपास असलेलं पाणी उणे २१ अंश सेल्सियसपर्यंत गोठत नाही. रस्ता निसरडा होत नाही हे खरंच, पण ते न गोठलेलं खारट पाणी चाकांनी उडून दारांच्या खालच्या भागावर आणि डिकीवर बसतं. अंगावर मेण असेल तर ते सहज धुऊन निघतं. नसेल तर ते चिकटून राहतं आणि मग आपण घासतो. रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे बहुतेकांच्या डोक्याच्या केसाहूनही बारीक. तो फार घासून घेणारा नव्हे.

हे मेण येतं कुठून? ब्राझीलच्या ईशान्येला कार्नाउबा नावाचा ताड आहे, पंख्यासारख्या पानांचा. कोरड्या ऋतूत पानांतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून तो पानांवर मेण धरतो. पानं कापून, वाळवून, झोडपून ते काढतात. मधमाशीचं मेण ६२-६४ अंशांना वितळतं, हे ८० च्या पुढे. नुसतं घेतलं तर दगडासारखं कडक, म्हणून डब्यातल्या मेणात तेलं आणि हवेत उडून जाणारं द्रावण मिसळलेलं असतं. थंडीतली सगळी गंमत त्या द्रावणात आहे. गार हवेत ते सावकाश उडतं, आणि ते उडाल्याशिवाय मेण धरत नाही.

हे मला ठाऊक नव्हतं तेव्हाची गोष्ट. इथला माझा पहिला नोव्हेंबर. गाडी गडद निळी, गॅरेज गार, बाहेर चाळीस फॅरनहाइट, आणि मी संध्याकाळी दिव्याखाली मेणाचा जाडजूड लेप दिला. जास्त मेण म्हणजे जास्त संरक्षण, हा हिशोब. पाच मिनिटांनी पुसायला गेलो तर ते पसरत गेलं. वैतागून आत जाऊन झोपलो. सकाळी गाडीवर पांढरट पट्टे, भिंतीला चुना मारताना मध्येच सोडून दिल्यासारखे. दोन तास पुसलं, खांदा भरून आला, पट्टे तसेच. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्याने उपाय सांगितला : त्यावरच पुन्हा थोडं ताजं मेण लाव आणि लगेच पूस. नव्या मेणातलं द्रावण जुन्याला मऊ करतं. पट्टे गेले. तो म्हातारा कारखान्यात रंगकाम करून निवृत्त झालेला होता, हे नंतर कळलं.

तर दिवस असा निवडा की हवा पन्नास फॅरनहाइटच्या, म्हणजे १० सेल्सियसच्या, खाली नसेल. आणि सकाळी लवकर सुरू करू नका. रात्रभर गार पडलेल्या पत्र्यावर दव असतं, कधी दिसतं, कधी नुसतं हाताला लागतं. अकरापर्यंत थांबा. उन्हाळ्यात आपण सावली शोधतो, पण नोव्हेंबरमध्ये इथला सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम तीस अंश वर असतो, त्या उन्हाने काही बिघडत नाही. मात्र घड्याळं मागे गेली की सव्वापाचच्या सुमारास सूर्यास्त. वेळेचं गणित आधी मांडा.

मेणाचा डबा आदल्या रात्री घरात आणून ठेवा. गॅरेजमध्ये ते थिजलेल्या तुपासारखं होतं, स्पंजाला नीट लागत नाही. आमच्या घरी तो डबा तुपाच्या बरणीशेजारी ठेवल्यावर जे बोलणं बसलं, ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही.

गाडी धुऊन, पुसून झाली की हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून फिरवा. रव्यासारखं खरखरीत लागलं, तर ते रंगात रुतलेले कण आहेत. त्यावर मेण लावण्यात अर्थ नाही. क्लेची, म्हणजे मऊ चिकणमातीसारखी, वडी मिळते, ती साबणाच्या पाण्यावर हलकेच फिरवली की कण निघतात. वडी जमिनीवर पडली तर सरळ फेकून द्या, तिला लागलेली रेती रंग खाईल. खडे उडून टवके गेले असतील तिथे रंगाचा ठिपका आधीच लावून वाळू द्या, मेणावर रंग धरत नाही.

मग मेण. पातळ. किती पातळ? लावलंय की नाही अशी शंका यावी इतकं. काळ्या प्लास्टिकपासून दूर राहा, तिथे पांढरे डाग बसतात. गार हवेत दहा-पंधरा मिनिटं, कधी त्याहून जास्त लागतात. घड्याळ न बघता बोट फिरवा : बोटाखाली स्वच्छ चमक निघाली तर पुसायला घ्या, माखलं तर चहा करा. मायक्रोफायबरचं फडकं घडी घालून वापरा आणि बाजू बदलत राहा. छतावर एक हात पुरतो. दारांचा खालचा अर्धा भाग, चाकांच्या कमानीभोवतीची कड आणि डिकी यांना मात्र दुसऱ्या दिवशी दुसरा हात द्या. दार उघडल्यावर दिसणारी आतली कडसुद्धा, जिथे मीठ महिनोन्महिने दबा धरून बसतं.

एक मात्र आधीच सांगतो. मेण गाडीच्या पोटाला वाचवत नाही. गंज खालून येतो, तिथे पाण्याचा फवाराच हवा. थंडीत दर दोन आठवड्यांनी, हवा गोठणबिंदूच्या वर असेल त्या दिवशी, खालून फवारा मारणाऱ्या ठिकाणी गाडी न्या. ब्रशवाल्याकडे नको, त्या ब्रशात आधीच्या गाडीची रेती असते. आणि भांड्यांचा साबण गाडीला लावू नका, तुमची दुपारभराची मेहनत तो उतरवून ठेवील.

या मेणाची मुदत दोन-तीन महिने. जानेवारीअखेर पाण्याचे थेंब गोल न राहता पसरायला लागले की ते संपलं म्हणून समजा. तेव्हा बाहेर उणे दहा सेल्सियस असेल, म्हणून हे आत्ताच करायचं. उद्या-परवा बावन्न-त्रेपन्न फॅरनहाइटचा एखादा कोरडा दिवस दिसला तर डबा आज रात्रीच आत आणा. तुपापासून जरा लांब ठेवा. नमस्कार.