ब्रॅन्डेनबर्ग कॉन्चेर्टो: कोणतं ध्वनिमुद्रण निवडावं?

श्रोतेहो, नमस्कार.

जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाखच्या सहा ब्रॅन्डेनबर्ग कॉन्चेर्टोंची, म्हणजे वाद्यमेळासाठीच्या रचनांची, ध्वनिमुद्रणं इतकी आहेत, की नवा श्रोता पहिल्याच दिवशी गोंधळून जातो. लिहिलेले सूर सगळीकडे तेच. तरी एक ऐकताना माणूस ताजातवाना होतो आणि दुसरं ऐकताना दुपारच्या जेवणानंतरची सुस्ती येते. हा फरक येतो कुठून आणि तो ओळखायला नेमका कुठे कान लावायचा, ते आज सांगणार आहे.

बाख तेव्हा जर्मनीत क्योटेनच्या दरबारी होता. 24 मार्च 1721 या तारखेची अर्पणपत्रिका जोडून त्याने या सहा रचना ब्रॅन्डेनबर्गचे मार्कग्राफ, म्हणजे तिथल्या राजघराण्यातले उमराव, ख्रिस्तियान लुडविग यांना पाठवल्या. सहाही रचनांचा वाद्यमेळ वेगवेगळा, आणि वादक मोजकेच. तिसऱ्या कॉन्चेर्टोत तीन व्हायोलिन, तीन व्हायोला (व्हायोलिनहून थोडं मोठं आणि खालच्या सुरांचं वाद्य), तीन चेलो (त्याहून मोठं आणि खालचं), खर्जाला व्हायोलोने हे मोठं तंतुवाद्य आणि सोबत हार्पसिकॉर्ड हे पियानोसारख्या पट्ट्यांचं जुनं वाद्य, म्हणजे अकरा माणसं. सहाव्यात तर सातच. म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा: एका ओळीला, म्हणजे लिहिलेल्या एकेका सुरावटीला, वादक किती आहेत? मोठ्या ऑर्केस्ट्राने एकेका ओळीला चार-पाच माणसं बसवली की आवाज भरदार होतो, पण तिसऱ्यातले नऊ स्वतंत्र आवाज तीन गोळ्यांसारखे ऐकू येतात. व्हायोलिनकडून व्हायोलाकडे, तिथून चेलोकडे तुकडा फिरतो, ती देवाणघेवाण बुजते. माझं मत स्पष्ट आहे: या संगीतात ओळीला एकच माणूस असेल तर मजा जास्त.

दुसरा प्रश्न वाद्यांचा. जुन्या पद्धतीच्या वाद्यांना तात असते, म्हणजे आतड्याची तार. तिचा आवाज किंचित खरखरीत, लवकर विरणारा. त्यामुळे दोन सुरांमध्ये मोकळी जागा राहते आणि जलद लय स्वच्छ ऐकू येते. वेष्टनावर किंवा ॲपवर वाद्यांची माहिती नसेल, तर घरातली पेटी कामाला येते. तिसरा कॉन्चेर्टो लावा, पहिल्या भागाचा शेवटचा सूर ऐका आणि पेटीवर तो शोधा. पांढरी पाच लागली तर पट्टी आजची, म्हणजे साधारण 440 ची (‘ए’ या सुराची सेकंदाला 440 कंपनं), आणि बहुतेक वाद्यंही आजची. काळी तीन लागली तर पट्टी 415 ची, अर्धा सूर खाली. जुनी वाद्यं वाजवणारे बहुतेक वादकसमूह याच पट्टीत वाजवतात. पांढरी चार लागली तर 392, पूर्ण एक सूर खाली. तिथे आवाज आणखी गडद आणि मऊ होतो. यावरून चांगलं-वाईट ठरत नाही. समोर काय आहे, एवढंच कळतं.

आता ऐकण्याच्या जागा. पहिल्या आणि चौथ्या कॉन्चेर्टोवर निवडीच्या वेळी फार थांबू नका. पहिल्यात शिकारीच्या हाकाऱ्यासारखे दोन हॉर्न मोकळेपणाने घुमतात ना, तेवढं पाहा. खरी परीक्षा दुसऱ्यात आहे. तिथे ट्रम्पेट, रेकॉर्डर, सनईच्या जातीचा ओबो आणि व्हायोलिन असे चार प्रमुख वादक. रेकॉर्डर म्हणजे उभी धरून वाजवायची लाकडी बासरी, तिचा आवाज मुळातच नाजूक. सुरुवातीला सगळ्यांचं मुख्य पालुपद होतं, मग एकेकाची ओळख होते: आधी व्हायोलिन, मग ओबो, मग रेकॉर्डर, शेवटी ट्रम्पेट. ट्रम्पेट येतो तेव्हा खाली रेकॉर्डरची साथ चालू असते. ती ऐकू आली तर तोल साधला आहे. ती बुडाली तर दोष बहुतेक वेळा आजच्या छोट्या, कळांच्या ट्रम्पेटचा असतो. त्याचा सूर तीक्ष्ण आणि ठाम. कळा नसलेला जुना ट्रम्पेट त्या मानाने सौम्य, पण वाजवायला महाकठीण, कारण वरच्या सप्तकातले सूर ओठांच्या ताकदीवरच काढायचे असतात. एखादा सूर जरा हलला तरी त्यापायी संच नाकारू नका.

तिसऱ्याच्या मधल्या भागात बाखने फक्त दोन कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे दोन गट, लिहिले आहेत. कोणी ते दोनच वाजवून पुढे जातात, कोणी त्यावर व्हायोलिनची किंवा हार्पसिकॉर्डची छोटी आलापी करतात, कोणी बाखच्याच दुसऱ्या रचनेतला संथ भाग आणून बसवतात. हे न ऐकताही कळतं: त्या ट्रॅकची लांबी पाहा. दहा-वीस सेकंद असेल तर कॉर्ड किंवा छोटी आलापी, दोन-तीन मिनिटं असेल तर उसना भाग. मला छोटी आलापी आवडते. लांब उसना भाग आला की पुढच्या धावत्या भागाचा जोर ओसरतो.

सहाव्यात व्हायोलिन एकही नाही. दोन व्हायोला एकच सुरावट वाजवतात, दुसरा पहिल्याच्या मागे अर्ध्या मात्रेवर. हा पाठलाग हेडफोनवर एक डावीकडे, एक उजवीकडे असा ऐकू यायला हवा. लय फार चढवली की दोघे एकमेकांत मिसळतात आणि नुसती गडबड उरते. राइनहार्ट ग्योबेल यांच्या म्यूझिका आन्तिक्वा क्योल्न या वादकसमूहाच्या गाजलेल्या संचात पहिला भाग इतका वेगात आहे, की थरार वाटतो पण पाठलाग हातातून निसटतो. तो संच दुसरा किंवा तिसरा म्हणून घ्या, पहिला नको.

पाचवा कॉन्चेर्टो हार्पसिकॉर्डचा, सोबत बासरी आणि व्हायोलिन. पहिल्या भागाच्या शेवटाकडे बाकीचे सगळे थांबतात आणि हार्पसिकॉर्ड 65 मापं, म्हणजे तालाची 65 छोटी आवर्तनं, एकटं वाजतं. हार्पसिकॉर्डची तार छेडली जाते, हातोडीने ठोकली जात नाही; त्यामुळे बोट जोरात दाबून आवाज वाढत नाही. हीच ध्वनिमुद्रकाची अडचण. माइक दूर ठेवला तर आधीच्या भागात हार्पसिकॉर्ड गुदमरतं, अगदी जवळ नेला तर ते खोलीभर मोठं होतं आणि बासरी कोपऱ्यात जाते. म्हणून आधीचं एक मिनिट आणि एकट्याचं एक मिनिट, दोन्ही ऐका. मध्येच आवाज कमी-जास्त करावासा वाटला, तर तोल चुकलेला आहे.

तुलना करताना दोन्ही ध्वनिमुद्रणांचा आवाज कानाला सारखा करून घ्या. जे मोठ्याने वाजतं तेच सरस वाटतं, ही कानाची जुनी खोड आहे. इक्वलायझर बंद ठेवा. मोबाइलच्या स्पीकरवर व्हायोलोनेचा खर्ज पोचतच नाही, तेव्हा हेडफोन हवेतच. आणि अखंड संच ऐकून तुलना करू नका, एकाच जागेचं एकेक मिनिट ऐका. शोधताना बाखच्या रचनासूचीतला कृतिक्रमांक घाला: बीडब्ल्यूव्ही 1046 ते 1051. ॲपवर दिसणारं साल पुष्कळदा पुनर्प्रकाशनाचं असतं. ट्रेव्हर पिनॉक यांनी हे सहाही कॉन्चेर्टो दोनदा मुद्रित केले, निकोलाउस आर्नोनकूर यांनीही दोनदा, आणि प्रत्येकाचे दोन संच एकमेकांसारखे नाहीत. मुद्रणाचं साल तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

नावं सांगतो. एकच संच घ्यायचा असेल तर पिनॉक आणि इंग्लिश कॉन्सर्ट, 1982: जुनी वाद्यं, चपळ पण न धावणारी लय. ओळीला एक वादक आणि 392 ची पट्टी हवी असेल तर जॉन बट यांचा डनीडन कॉन्सॉर्ट. आजच्या वाद्यांचा भरीव आवाज आवडत असेल तर कार्ल रिश्टर, म्युनिक बाख ऑर्केस्ट्रा, 1967. व्हॉयेजर अंतराळयानांवर 1977 साली पाठवलेल्या सोनेरी तबकडीत दुसऱ्या कॉन्चेर्टोचा पहिला भाग याच जोडीचा आहे. आणि 1935 चा आडोल्फ बुश यांचा संच, ज्यात पाचव्यात हार्पसिकॉर्डऐवजी रुडॉल्फ सेर्किन पियानो वाजवतात. आवाज जुना आहे, मागे खरखर आहे. पण संथ भागात पियानो, व्हायोलिन आणि बासरी ही तीनच वाद्यं उरतात, तेव्हा तिघे एकमेकांसाठी जागा कशी सोडतात ते ऐका. त्या भागासाठी मी हा संच जवळ ठेवायला सांगेन.

नमस्कार.