रंग बदलतात, प्लॉट टिकतात

मंडळी, नियोजित शहर म्हटलं की आपल्यासमोर रंगीत नकाशा येतो. पिवळं म्हणजे घरं, निळं म्हणजे व्यापार. नकाशा पाहून वाटतं, हे रंग एकदा भरले की कायमचे. गेल्या साठ-सत्तर वर्षांचा अनुभव वेगळा आहे. रस्ते आणि प्लॉट टिकतात, रंग टिकत नाहीत. माझं आजचं सगळं बोलणं या एका गोष्टीभोवती आहे.

ब्राझीलची राजधानी ब्राझिलिया घ्या. नगररचनाकार लुसिओ कोस्टा यांच्या आराखड्यावर उभारलेल्या या राजधानीचं उद्घाटन २१ एप्रिल १९६० रोजी झालं. राहण्यासाठी तिथे साधारण २८० मीटर बाजूचे चौरस आहेत. खांबांवर उचललेल्या सहा मजली इमारती, मध्ये झाडी. दोन चौरसांच्या मधल्या रस्त्यावर लहान दुकानांच्या ओळी. कल्पना अशी, की दुकानाचं तोंड झाडीकडे, घरांकडे असावं आणि रस्त्याच्या बाजूने फक्त माल उतरावा. दुकानदारांनी मागची बाजू पुढची केली. पाट्या रस्त्याकडे लागल्या, मांडणी रस्त्याकडे झाली, झाडीकडची बाजू दुकानाची पाठ ठरली. गिऱ्हाईक जिथून येतं तिकडे दुकान तोंड करतं, ही साधी गोष्ट आराखड्यातून निसटली होती.

खरं तर ती आधीच सांगून झाली होती. अमेरिकेतले नियोजनकार क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ साली एका प्राथमिक शाळेभोवतीच्या वस्तीची कल्पना मांडली. शाळा मध्यावर, पण दुकानं कडेला, मोठ्या रस्त्यांच्या चौकात, शेजारच्या वस्तीच्या दुकानांना लागून. एकट्या वस्तीच्या गिऱ्हाइकावर बाजार चालत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. चंडीगडमध्येही याची जाण दिसते. तिथला सेक्टर साधारण ८०० बाय १२०० मीटरचा, पण त्यातून जाणारा बाजाररस्ता, ज्याला तिथे व्ही-४ म्हणतात, पुढच्या सेक्टरच्या बाजाररस्त्याला जाऊन मिळतो. एका बाजाराला दुसऱ्याचा आधार मिळतो. मला हा त्या आराखड्यातला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो.

तरीही नियोजित शहरांत दुकानं राहत्या घरांत शिरतात. का? मुळाशी पैसा आहे. नवं शहर उभारणाऱ्या प्राधिकरणाला रस्ते, पाणी, गटारं यांचा खर्च काढायचा असतो. घरांचे प्लॉट अनेकदा ठरावीक दराने दिले जातात आणि व्यापारी प्लॉट लिलावात काढले जातात. ते मोजके ठेवले की बोली चढते. चढ्या बोलीच्या जागेत बँक येते, शोरूम येते. शिंप्याला, चाव्या बनवणाऱ्याला, दुरुस्तीवाल्याला ते भाडं झेपत नाही. वस्तीला रोज लागतात ती मात्र हीच माणसं.

आधी पुढच्या खोलीत शिकवणी किंवा दवाखाना सुरू होतो. पाटी लहान, खिडकीच्या गजाला बांधलेली. मग गॅलरी बंदिस्त होते, कुंपणाच्या भिंतीत दुसरं फाटक पडतं, जोत्याच्या पायऱ्या फुटपाथवर उतरतात. एका घराला भाडं सुरू झालं की शेजारीही हिशेब करू लागतो. कोपऱ्यावरची, बसथांब्यासमोरची घरं आधी बदलतात. आतल्या गल्ल्या वर्षानुवर्षं तशाच राहतात. आराखडा नेमका कुठे अपुरा पडला, हे त्या क्रमावरून कळतं. प्रशासन नोटीस काढतं, पाटी उतरते आणि थोड्या दिवसांनी पलीकडच्या घरावर लागते.

याचा अर्थ नियम नकोत असा नाही. चंडीगडच्या जुन्या सेक्टरांत एका घराचे मजलेवार हिस्से पाडून विकण्याची रीत वाढली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये पहिल्या टप्प्याच्या सेक्टरांपुरती ती रोखली. तो टप्पा दीड लाख लोकवस्ती धरून आखला होता. पाणी, गटार, शाळा यांनाही मर्यादा असतात.

बाजार मात्र एका जागी बसत नाही. ब्राझिलियातला डब्ल्यू-३ हा आराखड्यात मागचा, मालवाहतुकीचा रस्ता. साठच्या दशकात मुख्य बाजार तिथेच भरला, कारण घरं लागून होती. १९७१ साली शहराच्या मध्यभागी मोठं व्यापारी संकुल उघडलं, पुढे मॉल आले आणि डब्ल्यू-३ ओसरला.

म्हणून आखणी करणाऱ्यांकडे माझं मागणं आहे. वर्दळीच्या रस्त्यांवर दर्शनी बाजू अरुंद असलेले लहान प्लॉट पाडा. तळमजल्याची उंची दुकानालाही पुरेल अशी ठेवा आणि वापर मोकळा सोडा. आतल्या गल्ल्या घरांसाठी राखा, आवाज आणि पार्किंगच्या अटी मात्र कडक ठेवा. दुकानांवरचे मजले राहण्यासाठीच असतील, हे पहिल्या भाडेपट्ट्यातच लिहून घ्या. चंडीगडच्या आराखड्यात खाली दुकान, वर घर अशा इमारती होत्या. बऱ्याच ठिकाणी वरची घरं पुढे कार्यालयांकडे गेली. कार्यालय देईल ते भाडं कुटुंबाला देता येत नाही, आणि एकदा गेलेला मजला घरासाठी परत मिळवणं फार अवघड जातं.