दहावीचं वर्ष आणि मैदान

कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी तालुक्यातलं हे कांबळवाडी. इथल्या स्वप्निल कुसाळेनं 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीच्या 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात 451.4 गुण मिळवत कांस्यपदक जिंकलं. त्याचा इथवरचा रस्ता सुरू झाला 2009 साली. त्या वर्षी वडिलांनी त्याला राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं. वडील स्वतः शिक्षक. एका शिक्षकानं आपला मुलगा खेळासाठी घरापासून लांब ठेवला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

प्रबोधिनीत 8 ते 14 वर्षांची मुलं चाचण्या घेऊन निवडतात. 30 मीटर धावणं, उभी लांब उडी, मेडिसिन बॉल फेकणं, 800 मीटर धावणं. निवड झाली की वसतिगृहात राहायचं. मैदान आणि शाळा, दोन्ही एकाच दिनक्रमात.

पण बहुतेक गुणी मुलं घरीच राहून खेळतात, आणि दहावीच्या वर्षी खरी ओढाताण त्यांची होते. शालेय स्पर्धा तालुक्यापासून सुरू होतात. पुढे जिल्हा, विभाग, राज्य. मुलगी जितकी चांगली खेळेल तितके तिचे तास बुडतात! ती राज्य स्पर्धेहून परत येते तेव्हा वर्गात त्रिकोणमिती शिकवून झालेली असते आणि सराव परीक्षा तोंडावर आलेली असते.

बोर्ड खेळाडूंना सवलतीचे गुण देतं. कामगिरीच्या पातळीनुसार, जास्तीत जास्त 25. ते मिळायलाच हवेत. पण ते निकालाच्या वेळी मिळतात. बुडलेली त्रिकोणमिती तिला कोण शिकवणार?

मग घरचे वेळापत्रक आखतात. पहाटे पाचला मैदान, दिवसभर शाळा, रात्री दहापर्यंत क्लास. यात कापली जाते ती झोप. या वयात 8 ते 10 तास झोप लागते. दमलेलं शरीर झोपेत सावरतं, वाचलेलं झोपेत डोक्यात पक्कं होतं. झोप तोडली की खेळही मागे पडतो, अभ्यासही. आणि घरात बोल लागतो तो फक्त खेळाला.

स्वप्निलच्या आधी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं होतं ते 72 वर्षांपूर्वी. 1952, हेलसिंकी, पैलवान खाशाबा जाधव. त्यांच्या प्रवासाला पैसे कमी पडत होते. तेव्हा ते ज्या राजाराम कॉलेजात शिकले, तिथल्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले.

आज कुणी घर गहाण ठेवायची गरज नाही. स्पर्धेहून आलेल्या मुलीची सराव परीक्षा आठवडाभरानं घ्या. तिचे राहिलेले विज्ञानाचे प्रयोग करून घ्या. गणिताच्या सरांनी शाळा सुटल्यावर तिच्यासोबत अर्धा तास बसावं. हे मुख्याध्यापकांच्या हातात आहे, आणि याच वर्षी करता येईल.