अकरा जणांचा खेळ आणि एकट्याचं पदक

श्रोतेहो, नमस्कार.

मी आज बोलणार आहे ते प्रेक्षक म्हणून. कॉलेजात असताना मी कुठल्याच संघात नव्हतो, राखीव खेळाडूंतही नव्हतो. पण आंतरमहाविद्यालयीन सामना आहे असं कानावर आलं की आजही दुकान धाकट्या भावाच्या गळ्यात टाकतो आणि मैदानाच्या कडेला जाऊन उभा राहतो. उभाच, कारण बसायला बहुतेक ठिकाणी काही नसतं. उभ्याउभ्या माणसाची मतं तयार होतात. ती घरी कुणी ऐकून घेत नाही, म्हणून आकाशवाणीचा आधार.

क्रिकेटबद्दल बोलणार नाही. विजय हजारे जन्माने सांगलीचे, स्मृती मानधना सांगलीत वाढली, आणि क्रिकेटला माझ्या वकिलीची गरज नाही. मला बोलायचंय हॉकी आणि फुटबॉलबद्दल. आणि ओघानं कॉलेजांबद्दल, विद्यापीठाच्या कारभाराबद्दल.

आधी आपल्या भागाची मोठी नावं आठवून बघा. नंदू नाटेकर सांगलीत जन्मले. १९५६ मध्ये परदेशात बॅडमिंटनचं विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. संकेत सरगर सांगलीचाच. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारताचं पहिलं पदक त्याचं, ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्य. कोपर दुखावला आणि सुवर्ण एका किलोनं गेलं. सचिन खिलारी आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा, २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक. शेजारच्या साताऱ्यात माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. साताऱ्याचीच आदिती स्वामी २०२३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तिरंदाजीत जगज्जेती झाली.

यात संघ कुठे आहे? बॅडमिंटन, वजन उचलणं, गोळा, धावणं, बाण. सगळे एकट्यानं खेळायचे खेळ.

संकेतच्या वडिलांची पानाची टपरी. त्या टपरीच्या कमाईवर मुलगा बर्मिंगहॅमला गेला, आणि धाकट्या काजलनं खेलो इंडिया युवा स्पर्धेत वेटलिफ्टिंगचं सुवर्ण आणलं. जिद्दी घर, जाणता प्रशिक्षक आणि खोलीभर तालीम एवढ्यावर वेटलिफ्टर घडू शकतो. पण अकरा बापांनी अकरा टपऱ्या चालवल्या तरी त्यातून हॉकीचा संघ उभा राहत नाही. त्याला मैदान लागतं, समोर तोडीस तोड दुसरा संघ लागतो, आणि कुठल्या तारखेला कुणाशी खेळायचं हे चार महिने आधी ठाऊक असावं लागतं. यातलं एकही काम घरच्यांच्या हातात नाही. म्हणून एखाद्या कॉलेजचा जिमखाना कसा चाललाय हे मला बघायचं असतं तेव्हा मी गेटवरचा पदकविजेत्यांचा फ्लेक्स बघत नाही. हॉकीचा संघ आहे का विचारतो. असेल तर गोलकीपरच्या पायाला पॅड आहेत का ते बघतो.

खाशाबा जाधवांची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. गोळेश्वरचा पैलवान, १९५२ चं हेलसिंकी, कांस्यपदक, आणि त्यांना पाठवण्यासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून उभे केलेले ७००० रुपये. सांगताना ऊर भरून येतो, माझाही येतो. पण ती जितकी खर्डेकरांच्या मोठेपणाची गोष्ट आहे तितकीच बाकीच्या सगळ्यांच्या नादारीची आहे, हे आपण सोयीनं विसरतो. आणि एका पैलवानासाठी एक घर गहाण पडलं. हॉकीच्या संघासाठी किती प्राचार्य आणायचे?

आता हॉकीकडे येतो. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी पहिल्यांदा टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर खेळली गेली आणि तोवर दर वेळी पदक आणणारा भारत सातव्या क्रमांकावर घसरला. त्याला आता पन्नास वर्षं होत आली. आपल्याकडची बहुतेक कॉलेजं अजून मुरमावरच खेळतात. याचा खेळावर काय परिणाम होतो ते फक्त पेनल्टी कॉर्नरच्या, म्हणजे बचाव करणाऱ्यांच्या चुकीमुळे समोरच्यांना मिळणाऱ्या गोलच्या संधीच्या, वेळी बघा. टर्फवर एक जण गोलशेजारच्या मागच्या रेषेवरून चेंडू ढकलतो, डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या टोकाशी दुसरा तो जागच्या जागी थोपवतो, तिसरा ड्रॅग फ्लिक मारतो. ड्रॅग फ्लिक हा फटका नसून ढकलणं असल्यामुळे चेंडू कितीही उंच गेला तरी चालतो. फटका मारला तर मात्र पहिल्या फटक्याचा चेंडू गोलच्या तळाशी असलेल्या फळीच्या उंचीतच, म्हणजे ४६ सेंटिमीटरच्या आतच राहायला हवा. आता हेच मुरमावर बघा. ढकललेला चेंडू वाटेत खड्याला लागतो, उसळतो, थोपवणाऱ्याच्या स्टिकवरून निघून जातो किंवा नडगीवर बसतो. तो थांबतच नाही म्हटल्यावर ड्रॅग फ्लिक शिकायचा कुणी आणि कशाला? पोरं सरळ दांडपट्टा फिरवल्यासारखा फटका मारतात. हीच पोरं पुढं आंतरविद्यापीठ स्पर्धेला टर्फवर उतरतात. तिथं चेंडू दुप्पट वेगानं आल्यासारखा वाटतो, आणि पेनल्टी कॉर्नर मिळाला की एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. हरून आल्यावर आपण म्हणतो, उत्तरेकडच्या पोरांचा दम भारी. दमाचा संबंध नाही. ते दुसरा खेळ शिकलेत, आपण दुसरा.

फलटण तालुक्याचं उदाहरण मला म्हणूनच फार महत्त्वाचं वाटतं. आसूची वैष्णवी फाळके आणि वाखरीची अक्षता ढेकळे, दोघी भारतीय संघातून खेळल्या. ऊस आणि ज्वारीच्या मुलखातल्या मुली. पण दोघी घडल्या पुण्यात, बालेवाडीला, राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत. टर्फ तिथं होतं, राहण्याजेवणाची सोय तिथं होती, आणि सकाळ-संध्याकाळ समोर उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या मुली तिथं होत्या. मुली आपल्याकडे होत्याच. बाकीचं सगळं नव्हतं.

देशाच्या हॉकीचंही हेच झालं. २०१८ पासून ओडिशा सरकारनं दोन्ही राष्ट्रीय संघांचं प्रायोजकत्व घेतलं. मग टोकियोत ४१ वर्षांनी पदक आलं, जर्मनीला ५-४ हरवून कांस्य. पॅरिसमध्ये स्पेनला २-१ हरवून पुन्हा कांस्य. नुसत्या पैशानं हे झालं असं मी म्हणत नाही, श्रीजेशसारखा गोलकीपर पैशानं मिळत नाही. पण पुढच्या वर्षी आपण असू की नसू, ही धास्ती खेळाडूंच्या मनातून गेली. फुटबॉलचं नेमकं उलट झालं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये फिफानं आपल्या महासंघालाच निलंबित केलं. २०२५ मध्ये महासंघ आणि आयएसएल चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला, नवा ठरेना, आणि देशातली सगळ्यात वरची लीग ठरल्या वेळी सुरूच झाली नाही. व्यावसायिक खेळाडू घरी बसून तारखेची वाट बघत होते. आमच्या कॉलेजच्या पोरांना यात नवल वाटलं नसेल. ती दर वर्षी वाट बघतात.

फुटबॉलप्रेमी म्हणून मला कोल्हापूरचा हेवा वाटतो, हे सांगलीत बसून कबूल करायला जड जातं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचा सामना बघा. ऑफिसं लवकर सुटतात, गॅलरीत पाय ठेवायला जागा नसते. तिथं फुटबॉल पेठांनी आणि तालमींनी सांभाळला. घरातला आजोबा दिलबहारचा असेल तर नातू बालगोपालचा व्हायची बिशाद नाही. हुल्लडबाजी होते, सामने थांबतात, ते मला मुळीच आवडत नाही. पण खेळाडूला माहीत असतं की या हंगामात आपल्याला अमुक इतके सामने मिळणार, आणि ते बघायला आपली गल्ली येणार. मिरजेतही फुटबॉलचं वेड जुनं आहे. त्यामुळे होतं काय, कॉलेजचा चांगला सेंटर हाफ कॉलेजच्या सामन्याला दांडी मारून मंडळाच्या सामन्याला जातो. फिजिकलचे सर चिडतात. मी पोराच्या बाजूनं आहे. मंडळ त्याला खेळवतं. कॉलेज त्याला काय देतं?

काय देतं ते सांगतो. झोनल स्पर्धा बहुतेक वेळा बाद पद्धतीनं होतात. म्हणजे पोरांनी जुलैपासून पहाटे उठायचं, चिखलात पळायचं, आणि पहिल्याच सामन्यात एक गोल खाल्ला की वर्ष संपलं. अख्खा हंगाम एका सामन्याचा. कडेला उभं राहून मी अशा हरलेल्या पोरांना बूट काढताना बघितलंय. ती रडत नाहीत. कॅन्टीन उघडं आहे का विचारतात. त्यातली निम्मी पुढच्या वर्षी परत येत नाहीत, आणि का यावं?

जी जिंकतात त्यांच्यापुढं सत्र परीक्षा उभी. प्रवेश लांबले की शिकवणं लांबतं, शिकवणं लांबलं की परीक्षा सरकते, आणि सरकून नेमकी आंतरविभागीय सामन्यांवर येऊन बसते. परीक्षा विभागाला क्रीडा विभागाच्या तारखा माहीत नसतात, क्रीडा विभागाला परीक्षेच्या. मधल्यामध्ये गोलकीपरचा अकाउंटन्सीचा पेपर. हे कुठल्या एका विद्यापीठाचं दुखणं नाही, सगळीकडे थोड्याफार फरकानं हेच आहे. यावर उपाय करायला टर्फएवढा पैसाही लागत नाही. जूनमध्ये दोन्ही विभागांनी एका टेबलावर बसून एकाच कागदावर तारखा लिहायच्या.

नव्या शैक्षणिक धोरणानं खेळाला श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, दिले तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे दोन श्रेयांकांना ६० तास मैदानावर. हिशेब छान आहे. प्रत्यक्षात एका मुलीची जर्नल माझ्या हातात आली. त्यात हॉकीच्या मैदानाची सुरेख आकृती, पट्टीनं आखलेली, मापांसकट: लांबी ९१.४० मीटर, डीची त्रिज्या १४.६३ मीटर, गोलची रुंदी ३.६६ मीटर. एकही चूक नाही. मी विचारलं, स्टिक कधी हातात धरलीस का गं? ती म्हणाली, काका, स्टिका कपाटात आहेत, किल्ली सरांकडे आहे, आणि सर नॅकच्या फायलींत आहेत.

सरांनाही दोष देववत नाही. अनेक कॉलेजांत शारीरिक शिक्षण संचालकाची जागा रिकामी आहे किंवा तासिका तत्त्वावर कुणीतरी ओढतंय. जो आहे त्याच्याकडे प्रवेश समिती, परीक्षेची पर्यवेक्षणं आणि स्नेहसंमेलनाचा मांडव एवढं सगळं. मैदानावर फक्की पडते ती नॅकची, म्हणजे कॉलेजचा दर्जा तपासणारी, समिती यायच्या आदल्या दिवशी.

इथं तुमच्यामाझ्यासारख्यांचा संबंध येतो. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार अधिसभेवर, म्हणजे विद्यापीठाच्या सिनेटवर, नोंदणीकृत पदवीधर १० प्रतिनिधी निवडून देतात. निवडणूक आली की उमेदवार घरी येतात, पत्रकं देतात. पत्रकात विकास असतो, पारदर्शकता असते, हॉकीची स्टिक कुठेच नसते. मी आता प्रत्येकाला एकच विचारतो: क्रीडा विभागाच्या आणि परीक्षेच्या तारखा एका कागदावर आणाल का? बहुतेक जण हो म्हणतात आणि चहा न घेता निघतात.

तोवर आपण सांगलीकरांनी एक करून बघावं. विश्रामबागेत विलिंग्डन, वालचंद, चिंतामणराव ही कॉलेजं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. मिरज हाकेवर. विद्यापीठाच्या बाद फेरीशिवाय, आपली आपण एक साखळी स्पर्धा का होऊ नये? दर बुधवारी चार वाजता सामना, एकदा यांच्या मैदानावर, एकदा त्यांच्या. बस लागत नाही, भत्ता लागत नाही. हरलेल्या संघालाही पुढच्या बुधवारी सामना आहे. फुटबॉलला अकरा पोरं सहज जमतील. हॉकीला जमणार नाहीत, तर पाच-पाच जणांची हॉकी खेळा, मैदान अर्ध्याहूनही लहान पुरतं. हा काही पोरखेळ नाही. २०२४ च्या जानेवारीत ओमानला त्या प्रकाराचा पहिला महिला विश्वचषक झाला आणि भारत अंतिम सामन्यात नेदरलँड्सकडून ७-२ हरला. त्या दोन गोलांतला एक आपल्या सातारा जिल्ह्याच्या ऋतुजा पिसाळचा होता.

दोन कॉलेजांनी जरी होकार दिला तरी पुढच्या बुधवारी सुरुवात करता येईल. फक्कीचं पोतं माझ्याकडून. स्टिकांच्या कपाटाची किल्ली तेवढी कुणीतरी सरांकडून आणा.

नमस्कार.